आधी कोणी बोलायचे?

१९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठाचा मोठा आयबीएम संगणक होनोलुलूजवळच्या मानोआ खोऱ्यात होता आणि तो वापरू इच्छिणारे बरेच लोक दुसऱ्या बेटांवर होते. मध्ये समुद्र. टेलिफोनच्या लाइनी महाग आणि खरखरीच्या. तिथले प्राध्यापक नॉर्मन ॲब्रॅमसन मूळचे बॉस्टनचे. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना नाद होता, आणि या बेटांवर येऊन राहण्यामागे तोही होता. तारा टाळून संगणकाशी रेडिओने बोलायचे त्यांनी ठरवले.

अडचण वेगळीच होती. टर्मिनलपुढे बसलेला माणूस एक ओळ टाइप करतो, मग बराच वेळ विचार करत बसतो. त्याच्यासाठी एक वाहिनी कायमची राखून ठेवली तर ती बहुतेक वेळ रिकामीच राहणार. मध्यवर्ती यंत्राने प्रत्येकाला पाळीपाळीने ‘तुला काही सांगायचे आहे का?’ असे विचारत बसायचे म्हटले, तर बहुतेक उत्तरे ‘नाही’ येणार आणि तेवढा वेळ फुकट जाणार. ॲब्रॅमसन यांनी दोन्ही वाटा सोडल्या. ओळ तयार झाली की टर्मिनलने ती सरळ पाठवून द्यायची, कोणाला विचारायचे नाही. मध्यवर्ती यंत्राकडून दुसऱ्या वाहिनीवर पोच आली तर काम झाले. नाही आली, तर आपले बोलणे दुसऱ्या कोणाच्या बोलण्यावर आदळले असे समजायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. किती थांबायचे ते मात्र प्रत्येकाने नशिबावर सोडायचे, नाहीतर तेच दोघे पुन्हा एकाच क्षणी आदळतील.

जून १९७१ मध्ये हे ‘अलोहा’ जाळे चालू झाले. एका पॅकेटात, म्हणजे एका वेळी पाठवायच्या तुकड्यात, ८० अक्षरे, सगळा सरंजाम धरून ७०४ बिट. ॲब्रॅमसन यांनी १९७० च्या आपल्या निबंधात आधीच गणित मांडून ठेवले होते: एक पॅकेट ३४ मिलिसेकंद हवेत राहते आणि प्रत्येक माणूस मिनिटाला सरासरी एक पॅकेट पाठवतो असे धरले, तर एका वाहिनीवर ३२४ माणसे काम करू शकतात. ३२५ वा आला की टकरीच इतक्या वाढतात की जाळे कोलमडू लागते. वाहिनीच्या एकूण क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच कामी येते, असा त्याचा अर्थ.

समन्वयावर अलोहा एक क्षणही खर्च करत नव्हते, आणि त्याची किंमत ते टकरींच्या रूपाने मोजत होते. बिनतारी जाळ्यांचा पुढचा पन्नास वर्षांचा इतिहास मी या एकाच हिशेबाचा इतिहास म्हणून वाचतो: टकरींत किती घालवायचे, आणि टकरी टाळण्यात किती. हा हिशेब आपल्या घरातल्या राउटरच्या प्रत्येक पॅकेटामागे आजही चालू असतो, आणि तो इतका कमी सांगितला गेला याचे मला वाईट वाटते.

१९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी पहिली सुधारणा सुचवली. वेळेचे ठरावीक तुकडे पाडायचे आणि तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचे. एवढ्यावर क्षमता दुप्पट झाली, ३६.८ टक्के. त्याच वर्षी रॉबर्ट मेटकाफ यांच्या हाती ॲब्रॅमसन यांचा निबंध पडला, आणि १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत त्यांनी डेव्हिड बॉग्ज यांच्यासह इथरनेट घडवायला घेतले. तारेवर बोलण्याआधी ऐकायचे, बोलतानाही ऐकत राहायचे, आणि टक्कर झाली की तिथल्या तिथे तोंड मिटायचे. तारेवर हे सुरेख जमले. हवेत जमत नाही. रेडिओचा स्वतःचा आवाज त्याच्या अँटेनापाशी दूरच्या यंत्राच्या आवाजापेक्षा कोट्यवधी पट मोठा असतो, म्हणून बोलणाऱ्या यंत्राला दुसरे कोणी बोलत आहे हे कळतच नाही. टक्कर झाली, हे त्याला पोच न आल्यावरच समजते.

बोलण्याआधी ऐकण्यातही एक खोट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लेनर्ड क्लाइनरॉक आणि त्यांचे विद्यार्थी फुआद तोबागी यांनी १९७५ मध्ये ती नेमकी दाखवली. टेकडीच्या दोन अंगांना दोन यंत्रे आहेत आणि माथ्यावर तिसरे. खालच्या दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही, दोघांनाही हवा मोकळीच वाटते, आणि दोघांचे बोलणे माथ्यावर आदळते. याला त्यांनी लपलेल्या टर्मिनलचा प्रश्न म्हटले. १९९० मध्ये फिल कार्न यांनी हौशी रेडिओवाल्यांच्या परिषदेत त्यावर तोडगा मांडला: आधी छोटा निरोप पाठवून ‘बोलू का?’ विचारायचे, समोरच्याने ‘बोल’ म्हणायचे, आणि ते ‘बोल’ ज्यांच्या कानावर पडेल त्या सगळ्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचे. टक्कर टळली, पण एका वाक्यासाठी आता दोन वाक्ये जास्तीची बोलावी लागत होती.

ही सगळी अभ्यासकांची मांडणी घराघरांत पोहोचली ती एका सरकारी निर्णयामुळे. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तीन पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. मायकेल मार्कस या आयोगातल्या अभियंत्याने त्यासाठी नेट लावला होता. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि कारखान्यांतली यंत्रे जिथे गोंगाट करत, तेच हे पट्टे; रेडिओच्या धंद्यात त्यांना कचऱ्याचे पट्टे म्हणत. दुकानांतली गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला ते हवेच होते, कारण दुकानाची मांडणी बदलली की प्रत्येक यंत्राची तार नव्याने ओढावी लागे. कंपनीच्या नेदरलँड्समधल्या उट्रेख्त येथील गटाने बिनतारी जाळ्याचे काम हाती घेतले आणि १९९० मध्ये त्यासाठी आयईईईची ८०२.११ समिती उभी राहिली. त्याच गटातले व्हिक हेज दहा वर्षे तिचे अध्यक्ष होते.

समितीपुढचा सर्वांत मोठा वाद आधी कोणी बोलायचे याचाच होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये दोन प्रस्ताव मतदानाला उरले. एक आयबीएमच्या के. एस. नटराजन यांचा: मध्यवर्ती यंत्राने सगळा वेळ वाटून द्यायचा, जो तो आपल्या वाट्याच्या वेळी बोलेल. दुसरा एनसीआर, सिम्बॉल आणि झिरकॉम या तीन कंपन्यांच्या विम डीपस्ट्राटेन, ग्रेग एनिस आणि फिल बेलँगर यांचा. त्यांच्याकडे असा वेळ वाटून देणारा मुखत्यार कोणी नव्हता. प्रत्येकाने हवा ऐकायची. मोकळी झाली की एक आकडा मनाशी धरून उलटा मोजायचा. शून्यावर आला की बोलायचे. दुसरा आधी बोलला तर मोजणी तिथेच थांबवायची आणि तो गप्प झाल्यावर पुढे चालू करायची. पोच आली नाही तर आकड्याची मर्यादा दुप्पट करायची: ३१, ६३, १२७, असे करत १०२३ पर्यंत.

दुसरा प्रस्ताव जिंकला. माझ्या मते तो योग्यच जिंकला. परवाना नसलेल्या पट्ट्यात शेजारच्या घरातल्या यंत्रावर माझ्या घरातल्या यंत्राची सत्ता चालत नाही. दोन मुखत्यार एकाच हवेत आपापले वेळापत्रक चालवू लागले, तर दोन्ही वेळापत्रके एकमेकांवर आदळतील. सगळ्यांनी ऐकावे आणि थांबावे, हा नियम अनोळखी यंत्रांमध्येही टिकतो. युरोपात हायपरलॅन या मानकाची दुसरी आवृत्ती मध्यवर्ती वाटपावर उभारली गेली. कागदावर ती अधिक नीटस होती, पण बाजारात ती टिकली नाही. ८०२.११ च्या १९९७ मधल्या मानकात मध्यवर्ती पद्धतीला ऐच्छिक म्हणून एक कोपरा मिळाला, आणि यंत्रे बनवणाऱ्यांनी तिकडे जवळजवळ पाहिलेच नाही.

जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी जाळ्याला जोडलेला आयबुक प्लास्टिकच्या एका रिंगणातून आरपार काढून दाखवला, तार कुठेच नाही हे लोकांना पटावे म्हणून. आतले रेडिओ कार्ड ल्युसेंटचे, म्हणजे उट्रेख्तच्या त्याच मंडळींच्या हातचे. वेग ११ मेगाबिट. प्रत्यक्षात हाती पडत ५ किंवा ६.

उरलेले कुठे गेले हे पाहायला एका पॅकेटाचा प्रवास मायक्रोसेकंदांत मोजला पाहिजे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हवा मोकळी झाली, तरी यंत्राने आधी ५० मायक्रोसेकंद गप्प राहायचे. मग उलटी मोजणी: एकेक आकडा २० मायक्रोसेकंदांचा, सरासरी साडेपंधरा आकडे, म्हणजे ३१०. मग प्रस्तावना १९२. ही सगळ्यांत मंद यंत्रालाही कळावी म्हणून १ मेगाबिटच्या वेगानेच म्हणायची. त्यानंतर १५०० बाइटचा खरा मजकूर, मथळ्यांसह साधारण ११००. मग १० मायक्रोसेकंद शांतता, आणि समोरून पोच. पोचेलाही तीच लांबलचक प्रस्तावना, म्हणून तिचे २०० च्या वर. एकूण १९०० च्या घरात. १२,००० बिट १९०० मायक्रोसेकंदांत गेले, म्हणजे वेग सव्वासहा मेगाबिट. त्यावर इंटरनेटच्या टीसीपी या नियमसंचाच्या स्वतःच्या पोचा चढल्या की तो आणखी उतरतो.

रेडिओ सुधारत गेले तसा हा हिशेब बिघडत गेला. ८०२.११ए मध्ये वेग ५४ मेगाबिट झाला आणि मोजणीचा एक आकडा २० वरून ९ मायक्रोसेकंदांवर आला, तरी हाती जेमतेम ३० मेगाबिट. ९ च्या खाली जाणे सोपे नव्हते. हवेत कोणी बोलते आहे हे ओळखायला ४ मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ लागतो, ऐकणारा रेडिओ बोलता करायला सुमारे २, आतल्या विचाराला आणखी २, आणि लहर समोरच्यापर्यंत पोहोचायला १ हून कमी. २००२ मध्ये यांग शाओ आणि जॉन रोसडाल यांनी अगदी छोट्या निबंधात एक कठोर गोष्ट सिद्ध केली. या नियमांखाली १५०० बाइटची पॅकेटे पाठवत राहा, रेडिओचा वेग अनंत करा, तरी हाती ७५.२४ मेगाबिटपेक्षा जास्त येणार नाही. द्रुतगती मार्गावर गाडी कितीही पळवली तरी टोलनाक्यावरचा वेळ तेवढाच राहतो, आणि दर किलोमीटरला टोलनाका असेल तर गाडीच्या वेगाला काही अर्थ उरत नाही.

पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी आणखी एक खोड उघड केली. नियम प्रत्येकाला बोलण्याची समान संधी देतो, समान वेळ नाही. खोलीच्या टोकाला १ मेगाबिटवर रेंगाळणारे एकच यंत्र असले, की ११ मेगाबिटची बाकी सगळी यंत्रे त्याच्या पातळीच्या जवळ घसरतात. ऑफिसातले वाय-फाय मधूनच का झोपते, या रोजच्या तक्रारीचे हे एक खरेखुरे कारण आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच काळात आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू गंगेच्या मैदानातल्या खेड्यांना वाय-फायने जोडत होते. दोघेही पुढे पवईच्या आयआयटीत आले. त्यांचे काम मला या इतिहासातले सर्वांत धीट वाटते. खोलीभर अंतरासाठी बांधलेला नियम त्यांनी उंच मनोऱ्यांवरच्या दिशादर्शी अँटेनांना लावून पाहिला, आणि तो मोडला. ३० किलोमीटर जायला लहरीला १०० मायक्रोसेकंद लागतात, परत यायला तेवढेच. कार्ड पोचेची वाट इतका वेळ पाहतच नाही. ‘हरवले’ समजून पुन्हा पाठवत बसते. शिवाय एका मनोऱ्यावर दोन अँटेना दोन गावांकडे तोंड करून असल्या, की एकीचे बोलणे दुसरीच्या कानात घुमते आणि ती उगीच गप्प बसते.

मग त्यांनी ऐकण्याचा नियमच काढून टाकला. मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचे, मग सगळ्यांनी एकदम ऐकायचे, आणि समोरच्या मनोऱ्यांनी नेमके उलटे. बाजारातल्या स्वस्त कार्डांत हे बसवण्यासाठी त्यांनी केलेल्या दोन युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक पॅकेट ‘सर्वांसाठी’ असा शिक्का मारून पाठवायचे, कारण सर्वांसाठीच्या निरोपाला मानकात पोच नसते; ते पोचेचे काम वरच्या थरातून करून घेतले. आणि कार्डाला दोन अँटेनांची भोके असतात, तर बोलण्याच्या अगदी आधी कार्डाला काहीही न जोडलेल्या भोकातून ऐकायला लावायचे. तिथे शांतताच असणार, म्हणून कार्ड बिनधास्त बोलते. २००५ च्या मोबिकॉम परिषदेत हे काम मांडले गेले. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाला खेड्यांतल्या तपासणी केंद्रांशी जोडताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या गटानेही पुढे याच वाटेने जाऊन वेळ वाटून दिला आणि पोचा घाऊक केल्या.

घाऊक हाच त्या दशकातल्या मानकाचाही उपाय ठरला. २००५ मध्ये अनेक पॅकेटांना मिळून एक पोच आली. सप्टेंबर २००९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एन मध्ये ६५,५३५ बाइटपर्यंतची मोट बांधून एकाच प्रस्तावनेमागून पाठवता येऊ लागली. आज घरी सिनेमा अडखळत नाही त्यात या मोटेचा वाटा मोठा आहे. पण मोट बांधायला माल साठलेला हवा. इंटरनेटवरच्या साध्या फोनकॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट आवाज निघतो, आणि तो पुढच्यासाठी खोळंबून ठेवला तर संभाषण तुटते. ५४ मेगाबिटवर असल्या एका पॅकेटाचा मजकूर ३५ मायक्रोसेकंदांत संपतो आणि त्याच्या मागेपुढे १६० हून अधिक मायक्रोसेकंद शिष्टाचारात जातात.

२०१० ते २०१२ ही तीन वर्षे या प्रश्नावर अक्षरशः उधळून काम झाले. २०१० ची सिगकॉम परिषद नवी दिल्लीत भरली होती. तिथे बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट प्रयोगशाळेतल्या कुन तान यांच्या गटाने म्हटले, की चूक पूर्ण वाहिनी एका वेळी एकालाच देण्यात आहे. तिचे बारीक पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळी चढाओढ होऊ द्या. २०११ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट प्रयोगशाळेतून ‘वायफाय-नॅनो’ आले. त्याचे पहिले लेखक युजेनिओ माजिस्ट्रेती. त्यांनी रोगाचे निदान आकड्यांत मांडले: १ गिगाबिटवर १५०० बाइटला १२ मायक्रोसेकंद लागतात आणि समन्वयाला १५०, १ मेगाबिटच्या काळात ८० टक्क्यांवर असलेली कार्यक्षमता १० टक्क्यांखाली गेली आहे. उपाय म्हणून मोजणीचा आकडा ९ मायक्रोसेकंदांवरून ८०० नॅनोसेकंदांवर आणायचा. एवढ्या वेळात दुसऱ्याचा आवाज ओळखता येत नाही, म्हणून शून्य येताच प्रस्तावना म्हणायला लागायचे, स्वतःचा आवाज वजा करत ऐकत राहायचे, आणि आपल्या आधी कोणी सुरुवात केली होती असे कळले तर मधेच थांबायचे. मेटकाफना तारेवर जमलेली गोष्ट अशी अंशतः हवेतही उतरली.

मला सगळ्यांत सुंदर वाटते ती त्याच वर्षीची ‘बॅक-टू-एफ’ ही कल्पना, सौविक सेन, रोमित रॉय चौधरी आणि श्रीहरी नेलकुदिती यांची. वाय-फायची वाहिनी आतून अनेक बारीक उपवाहकांची बनलेली असते. त्यांना क्रमांक द्या. मनातला आकडा वेळेत मोजत बसण्याऐवजी त्या क्रमांकाच्या उपवाहकावर क्षणभर सूर धरा. दुसऱ्या अँटेनाने सगळे सूर ऐका. सर्वांत लहान क्रमांक तुमचा असेल तर तुम्ही बोला. मोजणीचा काळ नाहीसा होतो. एवढेच काय, आपला नंबर कितवा आहे हेही प्रत्येकाला कळते, म्हणजे एकाच फेरीत पुढच्या अनेकांची रांग ठरते. २०१२ मध्ये माजिस्ट्रेती, ओमर गुरेवित्झ आणि एडवर्ड नाइटली यांनी ‘बोलू का’, ‘बोल’ आणि पोच हे निरोपच काढून त्यांच्या जागी ठरावीक चिन्हांच्या छोट्या माळा आणल्या, ज्या गोंगाटातही पटकन ओळखू येतात.

यातले काहीही जसेच्या तसे आपल्या राउटरमध्ये आले नाही. नव्या यंत्राला त्याच हवेतल्या जुन्या यंत्रांबरोबर नांदावे लागते, आणि ८०० नॅनोसेकंदांत मोजणारे यंत्र ९ मायक्रोसेकंदांत मोजणाऱ्याला कधी बोलूच देणार नाही. तरी या कल्पनांची पावले २०२१ च्या ८०२.११एएक्स मध्ये, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, स्पष्ट दिसतात. २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीचे नऊपर्यंत भाग पडतात. राउटर एक इशारा पाठवतो: कोणी, कोणत्या भागावर, किती वेळ, किती जोराने बोलायचे. १६ मायक्रोसेकंदांनी सगळे एकदम बोलतात आणि एकाच फेरीत सगळ्यांची पोच होते. नटराजन यांच्या प्रस्तावातला मुखत्यार असा अनेक वर्षांनी घरात आला. पण इशारा देण्याचा हक्क मिळवायला त्यालाही बाकीच्यांसारखे हवा ऐकून, आकडा मोजून थांबावे लागते. ज्यांची नावे राउटरला माहीत नाहीत त्यांच्यासाठी तो काही भाग बिननावाचे सोडतो. ती यंत्रे आपला आकडा वेळेने नाही तर भागांच्या संख्येने उतरवतात, आणि शून्य झाले की एखादा भाग नशिबाने निवडून बोलतात.

मुखत्याराची सत्ता मात्र घराच्या भिंतीपाशी संपते. दादर किंवा कोथरूडच्या एखाद्या इमारतीत फोनवर जाळ्यांची यादी उघडली की शेजाऱ्यांची दहा-पंधरा नावे दिसतात, आणि त्यांचे राउटर आजही एकमेकांना ऐकून थांबण्यापलीकडे काही करत नाहीत. वाय-फाय ८ साठी २०२३ मध्ये बसलेला ८०२.११बीएन गट याच भिंतीवर काम करतो आहे: शेजारच्या राउटरांनी आपसात वेळ वाटून घ्यावा, एकमेकांच्या दिशेने आवाज कमी ठेवावा, एकाला मिळालेल्या वेळातला थोडा दुसऱ्याला द्यावा. त्यासाठी राउटरांना एकमेकांशी बोलावे लागेल, आणि ते बोलणे त्याच हवेतून, त्याच मायक्रोसेकंदांच्या खर्चाने होईल. किती निरोपांत हे भागवायचे, यावर समितीत अजून घासाघीस चालू आहे.